जुन्या लॅपटॉपवर गणित बसवताना

प्रिय मक्या,

तुझं पत्र 'हा डबा आता भंगारात काढतो' या वाक्यापर्यंत शांतपणे वाचलं. तिथे मात्र राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. घाई करू नकोस. लॅपटॉप म्हातारा आहे, बिघडलेला नाही.

सेजमॅथ (गणिताचं ते मोफत सॉफ्टवेअर) सुरू केलं की 'इलीगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोनच शब्द येतात आणि सगळं बंद पडतं, असं तू लिहिलंयस. यात बेकायदा काही नाही. प्रोसेसरला न येणारी सूचना त्याच्यापुढे आली, एवढाच त्याचा अर्थ. तू उतरवून घेतलेली तयार फाइल कुणीतरी नव्या मशीनवर बांधलेली असणार. आतली मोठ्या संख्यांची आणि मॅट्रिक्सची लायब्ररी बांधताना काळजी घेतली नाही, तर ती त्या मशीनच्या प्रोसेसरच्या मापाने शिवली जाते. इंटेलमध्ये एव्हीएक्स सूचना (एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) आल्या २०११ साली आणि तुझा कोअर टू ड्युओ प्रोसेसर त्याच्या आधीचा. प्रॉक फोल्डरातली सीपीयूइन्फो ही फाइल उघडून फ्लॅग्जची, म्हणजे प्रोसेसरला काय काय येतं त्याची, ओळ वाच. एव्हीएक्स तिथे सापडणारच नाही. त्याच ओळीत 'एलएम' आहे का तेही बघ. असेल तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे.

आणि मग टर्मिनलमध्ये यूनेम या कमांडला विचार, बसवलेलं लिनक्स किती बिटचं आहे ते. माझ्याकडे गंमत अशी होती की प्रोसेसर ६४ बिटचा आणि वर लिनक्स ३२ बिटचं, कारण फार पूर्वी मीच हाताला लागली ती सीडी घातली होती. हा फरक आता महागात पडतो. लिनक्सच्या अवतारांपैकी उबुंटूने १७.१० पासून ३२ बिटची डेस्कटॉप डिस्क बंद केली. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपर्यंत साथ दिली, २०२५ च्या तेराव्यात ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. तेव्हा 'एलएम' दिसलं तर आधी ६४ बिटचं डेबियन टाक, बाकीचं मागाहून.

आता माझी फजिती ऐक. तयार फाइल चालेना म्हणून मी ठरवलं की सेज सोर्सपासूनच, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायचं, म्हणजे सगळं आपल्याच प्रोसेसरच्या मापाचं होईल. विचार बरोबर होता. पण पहिल्या संध्याकाळी काहीच उतरेना, प्रत्येक पत्त्यावर सर्टिफिकेट, म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र, अमान्य. मी राउटरला शिव्या दिल्या, सर्टिफिकेटांचं पॅकेज तीनदा बसवलं. शेवटी कंटाळून कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं तर तिथे १ जानेवारी २००९! मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल मेलेला. सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, असं मशीनचं प्रामाणिक मत होतं. तारीख हाताने घातली आणि गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला तो थेट पुन्हा २००९ मध्ये. माझ्या ते लक्षात आलं नाही. मी 'मेक' (बांधकाम करणारी कमांड) पुढे चालू केलं. आदल्या रात्री बांधलेल्या फाइली आता भविष्यकाळातल्या झाल्या होत्या. 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड', म्हणजे घड्याळ जुळत नाही, अशी सूचना ओळीओळीला येत होती आणि मी ती शहाण्यासारखी दुर्लक्षित केली. काय बांधून झालंय आणि काय नाही, हे मेक फाइलींच्या वेळेवरूनच ओळखतं. त्यामुळे सगळा गोंधळ झाला आणि मला मुळापासून सुरुवात करावी लागली.

तिसऱ्या रात्री हाव नडली. मेमरी २ जीबी आणि मी एका वेळी चार कामं लावली. पहाटे पडद्यावर शेवटची ओळ 'एरर २'. तिच्यावरून काहीही कळत नाही. लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींत, बरंच वर गेलो तेव्हा एका ओळीत एकटाच शब्द दिसला, 'किल्ड'. डीमेसेज, म्हणजे कर्नलचे निरोप, बघितल्यावर उलगडा झाला. मेमरी संपली म्हणून कर्नलनेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानेच, कोडचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सी प्लस प्लसच्या कंपायलरचा गळा घोटला होता. मग ४ जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची उसनी मेमरी) केली, कामं चारावरून एकावर आणली आणि झोपायला गेलो. दीड दिवस पंखा घरघरत होता. (फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवू नकोस, सेजला ती चालत नाही. हेही मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.)

बसलं शेवटी. पण खरं सांगू? ते सुरू व्हायलाच इतका वेळ घेतं की मी महिन्याभरात त्याला दोनदा हात लावला असेल.

म्हणून तुला माझा आग्रह आहे, सेजचा नाद सोड. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं ते काम मोठं आहे, पण त्यात पारी, गॅप, मॅक्सिमा, सिंग्युलर अशी मुळात स्वतंत्र असलेली सॉफ्टवेअरं पायथॉनच्या दोऱ्यात ओवलेली आहेत. तुला हवी आहे संख्यासिद्धांतातली (अवयव, मूळ संख्या वगैरे) आकडेमोड आणि थोडं कॅल्क्युलस. तेवढ्यासाठी अख्खी माळ कशाला? दोन मणी घे, पहिल्यासाठी पारी आणि दुसऱ्यासाठी मॅक्सिमा.

पारी तर सोर्सपासूनही पटकन बांधून होतं. फक्त त्याच्या कॉन्फिगर या फाइलच्या नावातला इंग्रजी सी मोठा आहे. छोट्या लिपीत लिहिलंस तर फाइल सापडत नाही म्हणेल. आधी रीडलाइनचं (ओळीत टाइप करणं सोपं करणाऱ्या लायब्ररीचं) डेव्ह पॅकेज टाक. मी विसरलो होतो, तर वरचा बाण दाबला की मागची ओळ यायच्या ऐवजी टोपी, चौकोनी कंस आणि ए अशी नक्षी उमटायची. मोठं गणित घातल्यावर स्टॅक, म्हणजे पारीची कामाची जागा, भरल्याची तक्रार आली तर घाबरू नकोस, पॅरीसाइझमॅक्स ही मर्यादा वाढव.

मॅक्सिमा डेबियनच्या भांडारातूनच घे. त्याच्या खाली लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा असते. स्वतः बांधायची वेळ आलीच तर तिच्या सीलिस्प या अवतारावर बांध, थोडं संथ चालतं पण मेमरी कमी खातं. खिडक्यांचा थाट नको, टर्मिनलमध्येच चालव. मॅक्सिमाचा बाप म्हणजे जवळपास त्याच नावाचा मॅकसिमा, तो १९६८ पासून एमआयटीत घडला. तो पीडीपी-१० या जुन्या संगणकावर चालायचा. त्या मशीनच्या मूळ रचनेत एका प्रोग्रॅमच्या वाट्याला सव्वा एमबीच्या आसपास जागा यायची. आणि तू २ जीबी घेऊन रडतोयस!

काल रात्री पारीला २ चा ६७ वा घात उणे १ याचे अवयव विचारले. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत उत्तर: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञाने १९०३ मध्ये हे अवयव मांडले, तेही हाताने काढून.

तर आधी सेल बदल, माझ्यात सीआर२०३२ होता, तुझ्यात तारेचं टोक जोडलेला असू शकेल. पुन्हा अडलास तर पडद्याच्या शेवटच्या ओळीचा फोटो पाठवू नकोस. पूर्ण लॉग पाठव, मी वरून खाली वाचतो.

तुझा,
नंदू