एडेल ते होप, पायी

मँचेस्टर,
सोमवार, रात्र

प्रिय शुभा,

पाय चांगलेच भरून आलेत, पण आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल. शनिवार-रविवार ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींबरोबर पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात चालायला गेले होते. या गावातून त्या गावात पायी जायचं, पब लागला की जरा टेकायचं आणि पुढं निघायचं, एवढाच कार्यक्रम. बाकीचे सगळे यात मुरलेले, मी पहिल्यांदाच.

मँचेस्टरहून शेफील्डकडे जाणाऱ्या गाडीने पाऊण तासात एडेलला उतरलो. दरीतलं एवढंसं दगडी गाव, आणि वरच्या टोकाला ‘ओल्ड नॅग्ज हेड’ नावाचा पब. इथूनच पेनाइन वे सुरू होतो. थेट स्कॉटलंडपर्यंत जाणारी ही चारशे किलोमीटरच्या वरची वाट 1965 साली खुली झाली. पाठीवर हे मोठं बोचकं घेतलेली दोन म्हातारी माणसं तिकडं निघाली होती. आम्ही त्यांना हात केला आणि उलट बाजूला, होलिन्स क्रॉसच्या खिंडीकडे वळलो.

चढ अंगावर येणारा आहे. धाप लागली की मी थांबायचे, आणि कुणी काही न बोलता सगळेच थांबायचे. पूर्वी एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं, तेव्हा गावात कुणी गेलं की लोक शवपेटी खांद्यावर घेऊन याच खिंडीतून पलीकडे कॅसलटनला जायचे. हे ऐकल्यावर त्या वाटेवर माझा पाय जपूनच पडायला लागला. खिंडीतून धारेवर आलो आणि मॅम टॉर गाठला. उंची अवघी 517 मीटर. तुमच्या सज्जनगडाहूनही कमी. पण वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. या डोंगराची एक बाजू सतत घसरत असते. खालचा डांबरी रस्ता इतक्या वेळा खचला, की शेवटी 1979 मध्ये कायमचा बंद केला. आता तिथं डांबराचे थरावर थर उघडे पडलेत. आम्ही त्याच मोडक्या रस्त्याने खाली उतरलो.

आता खरं सांगायचं ते. शुभा, आम्ही दोन दिवस लोकांच्या शेतांतून चाललो. कुणाच्या कुरणातून, मेंढ्यांच्या मधून, एकदा तर चक्क एका घराच्या परसातून. मी सारखी बिचकत होते, कोणी हटकेल म्हणून. पण ती सार्वजनिक पायवाट, आणि तिच्यावरून जायचा हक्क कुणाचाही. नकाशात अशा वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात, आणि निळ्या मगाच्या खुणेनं पबसुद्धा! शेतातून आडवी जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पहिल्या नांगरटीनंतर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी, निदान एक मीटर रुंद करून द्यावी लागते. दगडी गडग्यांमधून जायला अरुंद फटी, नाहीतर लाकडी पायऱ्या. एका फाटकाला अर्धगोल कठडा होता. आपण आत शिरायचं, फाटक आपल्या मागे ढकलायचं आणि पलीकडे निघायचं. माणूस जातो, मेंढी अडकते.

मला सारखी तुमची पाणंद आठवत होती. शेतरस्त्याचं ते कलम 143, तहसीलदार, पंचनामा, पुढची तारीख; तुझ्याकडून हे ऐकतेय त्याला वर्षं झाली. इथंही हे आपोआप झालेलं नाही, गं. एडेलच्या डोक्यावर किंडर स्काउटचं पठार आहे. जमीनदारांनी ते शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडच्या गिरण्या-कारखान्यांतली शेकडो पोरं मनाई मोडून त्यावर चढली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन याच्यासह पाच जण तुरुंगात गेले. 1949 मध्ये पायवाटांची नोंद ठेवण्याचा कायदा आला, 1951 मध्ये हा प्रदेश देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि मोकळ्या माळावर कुठंही हिंडायचा हक्क देणारा कायदा यायला 2000 साल उजाडलं. म्हणून म्हणते, तू दमू नकोस. तू भांडतेस ते अगदी रास्त आहे.

आणि पब! परमिट रूमच्या काळ्या काचा डोळ्यांपुढून काढून टाक. कॅसलटनच्या पबात शिरलो तेव्हा एक आजी-आजोबा शब्दकोडं सोडवत होते, टेबलाखाली चिखलानं भरलेला कुत्रा घोरत होता आणि दोन पोरं व्हिनेगर मारलेले चिप्स खात होती. आमच्या बुटांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वेटर नसतो, आपणच काउंटरवर जाऊन सांगायचं. आळीपाळीने एकेकानं सगळ्यांसाठी आणायचं, त्याला राउंड म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा मी मुद्दाम काउंटरशी रेंगाळले. बाईंनी हापशासारखा लांब दांडा संथपणे ओढला, तळघरातल्या पिंपातली बिअर ग्लासात चढली. आधी नुसती गढूळ, मग खालून वर निवळत गेली. पिंपात यीस्ट जिवंत असतं, वरून गॅस भरत नाहीत, म्हणून ती फार दिवस टिकत नाही आणि गावच्या पबात राबता लागतो. मी स्वतःसाठी अर्धा पाइंट घेतला. कडवट, तळघराइतकाच गार, मला आवडला. रात्री तिथंच वरच्या खोल्यांत मुक्काम.

रविवारी ओढ्याकाठानं होपपर्यंत सपाट वाट. काटेरी हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी लगडलेला, कोकरं आयांच्या मागं. ‘ओल्ड हॉल’मध्ये जेवलो, बटाटे आणि ग्रेव्ही दोनदा मागून घेतली आणि स्टेशन गाठलं.

पुढच्या खेपेला हेफील्डहून किंडरवर चढायचं ठरलंय, ती पोरं गेली त्या बाजूनं. दिवाळीत मी येतेय. तेव्हा पाणंदीचा गावनकाशा काढून ठेव, मला नीट बघायचाय, आणि जिथवर जाता येतं तिथवर आपण दोघी चालून येऊ. आईंना नमस्कार, छोटूला पापा.

तुझीच,
मीनल