विद्यार्थी पत्रकारांना पास का नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन १९२४ साली आपल्या बेळगावात झालं. त्याच्या शताब्दीनिमित्त २६ डिसेंबर २०२४ ला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक इथेच भरली. गावभर रोषणाई होती.

माझी पुतणी पत्रकारिता शिकते. तिला नि तिच्या मैत्रिणींना पास मिळाला नाही. "ओळखपत्र कॉलेजचं आहे, पेपरचं नाही," एवढंच उत्तर. त्याच रात्री डॉ. मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशीची सभा रद्द झाली. या पोरी मात्र सकाळीच मैदानावर हजर. खुर्च्यांच्या चळती ट्रकात चढवणाऱ्या मांडववाल्याला त्यांनी अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत गाठलं. भाड्याचं काय, मजुरीचं काय, विचारत राहिल्या. तो म्हणाला, "सभा नाही झाली तरी खुर्च्या पुसायलाच लागतात की ओ ताई." असलं काही मला कुठल्या पेपरात वाचायला मिळालं नाही. (तुमच्याही नाही, राग मानू नका.)

२१ जानेवारीला सभा झाली, तेव्हाही त्या कठड्याबाहेरच. सुरक्षेचं कारण मी समजू शकतो. पण एवढ्या मोठ्या मांडवात दहा-बारा विद्यार्थ्यांना जागा होत नाही, हे पटत नाही. पक्ष कुठलाही असो, पुढच्या वेळी आयोजकांनी कॉलेजांकडून नावं मागवावीत.

आणि तुम्ही आठवड्याला अर्धा रकाना द्या. मानधन नको म्हणतात पोरी. नाव तेवढं नीट छापा.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव