दांडिया बाजारातल्या एसटीवाल्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर लिहिते आहे. आईला घेऊन, भाड्याची गाडी स्वतः चालवत, मी भावनगरपासून द्वारकेपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन आले ते तुमच्या जिवावर. निदान वडोदऱ्याच्या आपल्या दांडिया बाजारात तरी हे सगळ्यांना कळायलाच हवं.

घरात बाकी सगळ्यांचं एकच पालुपद होतं, ड्रायव्हर घे. बाईमाणूस, बरोबर गुडघ्यांनी बेजार झालेली आई, त्यात अनोळखी रस्ता. तुम्ही तेवढे म्हणालात, "गाडी ती चालवेल, रस्ता मी सांगतो." उभा जन्म गुजरात एसटीत काढलेला माणूस असं म्हणाला आणि घर गप्प झालं. मग तुम्ही कागद काढलात. बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा करत भावनगर. पुढे तळाजा, महुवा, ऊना, कोडीनार, वेरावळ, मांगरोळ, माधवपूर, पोरबंदर. नकाशात हे कुणालाही सापडेल. पण आई सलग किती वेळ बसू शकते, कुठे बसायला सावली आहे, कुठल्या देवळाला कुठल्या बाजूने पायऱ्या कमी, हे त्या कागदावर होतं. दिवेलागणीच्या आत मुक्काम, कारण अंधार पडला की गायी नि नीलगायी रस्त्यावर येतात, हेही होतं.

गाडी ताब्यात घ्यायला तुम्ही स्वतः आलात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली ती सेल्फ ड्राइव्हची गाडी तुम्ही डेपोतून बस काढावी तशी तपासलीत. स्टेपनी दाबून पाहिलीत, जॅक आणि पान्हा बाहेर काढून पुन्हा जागेवर ठेवलात. मग माझ्या हातातला मोबाइल सुरू करायला लावलात आणि चारी बाजूंनी, अगदी बंपरच्या खालूनसुद्धा, एकेक ओरखडा बोलून दाखवत व्हिडिओ घ्यायला लावलात. परत आल्यावर गाडीवाल्यांनी त्याच बंपरखालच्या ओरखड्यासाठी डिपॉझिट अडवलं. मी व्हिडिओ दाखवला. पैसे पूर्ण परत मिळाले, आवाज चढवायचीही गरज पडली नाही. भाड्याने गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगत सुटले आहे.

भावनगरजवळच्या कोळियाकचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. भावनगरला पोचल्यावर आईचा आग्रह होता, आधी तिथल्या समुद्रातल्या, ओहोटीतच पायी जाता येणाऱ्या निष्कलंक महादेवाचं दर्शन, मग जेवण. तुमच्या कागदावर होतं, आधी जेवा, दुपार कलल्यावरच निघा. तिथी पाहून तुम्ही ओहोटीची वेळ काढून दिली होती आणि बजावलं होतं की ती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, तेव्हा एक दिवस उशीर झाला तर वेळही बदला. आम्ही काठावर उभ्या राहिलो तेव्हा समुद्रात फक्त ध्वज दिसत होता. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्याही वर जातो, हे वाचलेलं होतं, पण पाणी असं डोळ्यांदेखत मागे सरकताना कधी पाहिलं नव्हतं. आधी चौथऱ्याची कड दिसली, मग शिवलिंगं, मग तिथवर जाणारी ओली, चमकणारी वाट. आईने चपला काढल्या, तुम्ही सांगितलंत तसं पूर्ण पाऊल टेकवत, माझा दंड धरून चालत गेली. पांडवांनी स्थापलेली मानतात त्या पाचही लिंगांवर तिने स्वतःच्या हाताने पाणी घातलं. "पाणी वळायच्या आत माघारी या, शेवटच्या लोकांची वाट बघू नका," हेही आम्ही तंतोतंत पाळलं.

पुढच्या रस्त्यावर तुमची एक छोटी सूचना रोज उपयोगी पडली. समुद्राच्या वाऱ्याने सकाळी काचेवर खारट थर बसलेला असायचा. कोरडा वायपर न फिरवता आधी साधं पाणी ओतून पुसायचं. कोडीनारला आईला सांगितलं की हे आणि द्वारकेचं ओखामंडळ, दोन्ही आपल्या बडोदा संस्थानात होते. ती एकदम घरचं गाव आल्यासारखी खिडकीतून बघायला लागली. सोमनाथला मोठ्या मंदिराबरोबर अहिल्याबाईंनी 1783 मध्ये बांधलेलं मंदिरही तुमच्यामुळे चुकलं नाही.

आणि माधवपूर. मी नकाशा पाहून ते वगळायला निघाले होते, तुम्ही हट्टाने घातलंत. आईचं माहेर अमरावतीकडचं, हे तुमच्या लक्षात होतं. विदर्भाची रुक्मिणी, माहेर कौंडिण्यपूर, आणि श्रीकृष्णाशी तिचं लग्न लागलं ते इथे, असं माधवपूरची माणसं सांगतात. रस्त्याला लागूनच समुद्र, अर्धा वाळूत बुडालेला जुन्या माधवरायाच्या देवळाचा भाग, आणि आई तिथे एका बाईशी मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलत बसलेली, "मी रुक्मिणीच्या गावाकडची." त्या बाईने तिचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. इतकी वर्षं वडोदऱ्यात राहून आईला मी गुजरातीत एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

द्वारकेला बाजाराच्या बाजूने मोक्षद्वारातून आत गेलो, त्यामुळे गोमतीकडच्या छप्पन्न पायऱ्या वाचल्या. बेट द्वारकेला पूर्वी होडीतच चढावं लागायचं आणि आईला ते जमलंच नसतं. आता 2024 पासून सुदर्शन सेतू आहे, गाडी थेट पलीकडे. तुमच्या कागदावर त्यापुढे लिहिलं होतं, "मी एसटीत असताना हा पूल नव्हता. पाहून सांग." पाहिला काका. पुलावर वारा जोरात असतो, आणि दोन्ही बाजूंना पाणी पाहून आई हात जोडून बसली होती.

रामनवमीपासून माधवपूरला रुक्मिणीच्या लग्नाचा मेळा भरतो. आईने पुढच्या वर्षीचं ठरवून टाकलंय. तुम्ही आणि काकू दोघांनीही यायचं आहे. गाडी मीच चालवणार, तुम्ही पुढे शेजारी बसायचं. सबबी आतापासून शोधू नका, काकूंशी माझं बोलणं झालंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची