डर्बीचा निकाल पूर्ण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या इंडियन डर्बीची बातमी आपल्या अंकात वाचली. जिंकलेल्या घोड्याचे नाव, बक्षिसाची रक्कम आणि मालक करंडक घेतानाचा फोटो, एवढ्यावर ती संपली. दुसरा-तिसरा कोण, किती अंतराने, वेळ किती, जॉकी आणि ट्रेनर कोण, यातले काहीच नाही. शर्यतीआधीचे अंदाज मात्र चौकटीत ठळक असतात. पैसे लावणाऱ्याची सोय झाली. ज्याचा घोड्यांवर जीव आहे त्याने काय वाचायचे?

ही चार वर्षांच्या घोड्यांची 2400 मीटरची शर्यत. घोड्याला आयुष्यात ती एकदाच धावता येते. तिथे नुसत्या मानेच्या अंतराने हुकलेला आणि वीस लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे राहिलेला, दोघांना एकाच मापाने 'हरले' म्हणून सोडून देणे अन्याय आहे. अमेरिकेत 1978 साली अफर्म्ड नावाच्या घोड्याने तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या. तिन्हींत दुसरा आला अलिडार: केंटकी डर्बीत दीड लेंग्थने, प्रीकनेसमध्ये मानेने, बेलमाँटमध्ये जेमतेम डोक्याने मागे. पुढे याच अलिडारचा बच्चा अलिशेबा 1987 ची केंटकी डर्बी जिंकला. फक्त विजेत्याचे नाव छापले असते तर हा धागा कोणाच्या हाती लागला असता?

आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत गिऱ्हाईक आधी घोड्याचा जबडा उघडून दात बघते, मग अंगावरचे भोवरे, मग रेवाल चालीने चालवून बघते. आणि लगाम हातात असतानाच विचारते, "याना बाप कोन शे?" तिथले मारवाडी, काठेवाडी घोडे वेगळे आणि रेसचे थरोब्रेड वेगळे, हे खरे. पण रक्ताची पारख दोन्हीकडे लागतेच, आणि रेसच्या घोड्याची पारख निकालाच्या तक्त्यातूनच होते.

म्हणून विनंती आहे. पहिल्या पाच घोड्यांची तरी नावे क्रमाने द्या. सोबत आई-बाप, जॉकी, ट्रेनर, पाठीवरचे वजन, दोन घोड्यांमधले अंतर आणि शर्यतीची वेळ. एखादा घोडा धावताना जायबंदी झाला असेल तर तेही लपवू नका. आठ-दहा ओळींचे काम आहे, फोटो थोडा लहान केला तरी जागा निघेल. डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते, म्हणजे सोमवारच्या अंकात हे सहज बसेल.

आपला नियमित वाचक,
शहादा, जि. नंदुरबार