ओल्मी दाखवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

इटालियन चित्रपट-दिग्दर्शक एर्मानो ओल्मी यांच्यावर बोलण्याचे मी आमच्या चित्रपट मंडळात कबूल केले, तेव्हा माझ्याजवळ त्यांच्या चित्रपटांची नावे आणि साले यांपलीकडे काहीही नव्हते. आपण सलग तीन रविवार मला घरी बोलावून एकेक प्रसंग थांबवून दाखवलात आणि आपली जुनी टिपणवही विश्वासाने माझ्या हाती दिलीत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

"पुरस्कारांपासून नको, नोकरीपासून सुरुवात कर," असे आपण पहिल्याच दिवशी बजावलेत. 1931 साली बेर्गामोत जन्मलेले ओल्मी तरुणपणी मिलानच्या एडिसन वीज कंपनीत लागले आणि कंपनीसाठीच धरणे व तिथल्या कामगारांवर माहितीपट करू लागले. हे डोक्यात ठेवून 1961 चा त्यांचा 'इल पोस्तो' (म्हणजे 'नोकरी') हा चित्रपट पुन्हा पाहिला. एका कारकुनाच्या मृत्यूने टेबल रिकामे होते, ते नव्या मुलाला मिळताच मागे बसणारा जुना कारकून वीस वर्षांचा हक्क सांगतो, सगळे एकेक जागा पुढे सरकतात आणि मुलगा शेवटच्या टेबलाशी जातो. मग ऐकू येत राहतो तो सायक्लोस्टाइल यंत्राचा खडखडाट, आणि पडद्यावर असतो फक्त त्या मुलाचा चेहरा. कचेरीत स्वतः बसल्यावाचून हे कुणाला सुचले नसते, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटले.

'लाकडी जोड्यांचे झाड' मात्र मी पूर्वी अर्ध्यावर सोडला होता. तीन तासांहून मोठा, बेर्गामोच्या बोलीतला, खऱ्या शेतकऱ्यांनी साकारलेला आणि छायाचित्रण-संकलनही ओल्मींनीच केलेला हा चित्रपट 1978 साली कान महोत्सवात सर्वोच्च ठरला. आपण मला त्यातला म्हातारा आजोबा दाखवलात: टोमॅटो इतरांआधी पिकावेत म्हणून मातीत कोंबड्यांची विष्ठा घालणारा आणि ती युक्ती फक्त नातीला सांगणारा. त्यानंतर मुलाचा लाकडी जोडा तुटला म्हणून नवा कोरायला जमीनदाराचे झाड तोडणारा बाप आणि त्यापायी उठवले गेलेले ते घर पाहताना मला बोलवेना. आपणही काही बोलला नाहीत, त्याबद्दल विशेष आभार.

पुढे गंभीर आजारातून उठून 1988 साली व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळवणाऱ्या आणि 2018 साली आझियागोत निवर्तलेल्या ओल्मींविषयी मंडळातल्या भाषणात मी थोडक्यातच सांगितले. जोडा कोरण्याचा प्रसंग आपल्या सूचनेप्रमाणे एक शब्दही न बोलता दाखवला.

वही जपून ठेवली आहे. येत्या रविवारी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
मंडळाची एक सभासद