आईच्या पायाची वाट

मालवण,
3 नोव्हेंबर

प्रिय संजू,

आईची केमो संपली हे फोनवर सांगितलंच. एक सांगायचं राहिलं. तिच्या पायाची बोटं बधिर झालीत. परवा चप्पल अंगणातच राहिली आणि ही उंबऱ्यापर्यंत आली, तरी तिला पत्ता नाही. ती चप्पल उचलून आणली आणि रात्रभर माझा डोळा लागला नाही. हात ठीक आहेत, मग पायच का?

"औषधामुळे होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले. मग मीच वाचत बसलो. पायाची जाणीव पोचवणारी मज्जापेशी असते पाठीच्या कण्यालगत, आणि तिचा तंतू खाली पावलापर्यंत, जवळजवळ मीटरभर. प्रथिनं बहुतेक वर तयार होतात, लागतात खाली. त्यांच्यासाठी आत वाट असते: 25 नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका. त्यांवरून किनेसिन नावाचं प्रथिन ओझं घेऊन खरोखरच दोन पायांनी चालतं! एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू. मीटरभराला साडेबारा कोटी पावलं झाली. घाईचा माल अडीच-तीन दिवसांत पोचतो.

दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायचो ते आठवतं? एका हाताची पकड बसल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. किनेसिनचंही तेच. एकटं असेल तर शंभरेक पावलांत सुटतं, म्हणून एका ओझ्याला अनेक लागतात. परतीचा माल डायनीन नावाचं दुसरं प्रथिन आणतं. आणि हे किनेसिन सापडलं कशात, तर माकुलात, म्हणजे स्क्विडमध्ये! 1985 साली, अमेरिकेत वूड्स होलला, वेल, रीस आणि शीट्झ यांना. माकुलाचा एक मज्जातंतू इतका जाड, की नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आईचं औषध व्हिंक्रिस्टीन, सदाफुलीतून काढलेलं. तिनेच विहिरीकडे लावलीय ती सदाफुली. ज्या प्रथिनाच्या त्या सूक्ष्मनलिका बनतात, त्या ट्युब्युलिनला हे औषध धरून ठेवतं, नलिका बांधूच देत नाही. कर्कपेशीला दोन व्हायला त्याच नलिका लागतात, म्हणून ती मरते. पण मज्जातंतूची वाटही त्यांचीच. ती मोडली की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं.

आईला हे सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "वाट मोडली तर परत बांधूक येता मां?" औषध थांबल्यावर बऱ्याच जणांना काही महिन्यांत फरक पडतो, ते सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी माडाखाली चालते, मी बाजूला असतो.

जत्रेला येशील तेव्हा तिच्यासाठी मागे पट्टा असलेली सँडल आण. मऊ तळव्याची, 6 नंबर. इथे मिळाली नाही.

तुझा,
बाळू