गरम असताना वजन करू नये

प्रिय बाळा,

कालपासून तुझ्या खोलीचं दार लावलेलं आहे. दाराबाहेर उभं राहून बोलायला गेलो की माझ्या तोंडून नको ते निघतं, म्हणून लिहितोय.

आधी एक वाक्य मागे घेतो. प्रवेश परीक्षेचा निकाल पाहिल्यावर, तीन गुणांनी तुझी जागा हुकली तेव्हा, मी म्हणालो होतो, "जाऊ दे, नुकसान त्यांचंच आहे." खोटं होतं ते. त्यांचं काही नुकसान झालेलं नाही. सगळ्या जागा चांगल्या मुलांनी भरतील, वर्ग ठरल्या दिवशी सुरू होतील. तुला हे लगेच कळलं, आणि आपला बाप आपल्याला लहान मुलासारखं समजावतोय हेही कळलं. दार तेव्हा लागलं, निकालामुळे नाही, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक कबुली. तुझा अर्ज क्रमांक मी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवला होता. पहाटे तू झोपलेली असताना मी निकाल पाहिला. तू उठून लॅपटॉप उघडेपर्यंत दोन तास मला माहीत होतं, आणि तरी तुझ्यामागे उभं राहून मी "बघू, बघू" करत राहिलो. ते वाक्य मी त्या दोन तासांत जुळवलेलं होतं. म्हणून तर इतकं गुळगुळीत निघालं.

आता माझ्या कामातली एक गोष्ट. तुला माझी प्रयोगशाळा कंटाळवाणी वाटते हे माहीत आहे, पण एवढी ऐक. नोकरी लागून काही महिने झाले होते. एक नमुना क्रुसिबलमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात, घालून भट्टीत तापवायचा, मग वजन करायचं, असं साधं काम. तराजू दशांश चिन्हानंतर चार आकडे दाखवणारा. आणि आकडा काही केल्या थांबेना. हळूहळू वरच चढत जायचा. मी तराजू पुसला, त्याची काचेची दारं नीट लावली, पातळी तपासली, शेवटी तराजू बिघडलाय म्हणून कळवलंसुद्धा. तराजूला काही झालेलं नव्हतं. क्रुसिबल अजून गरम होतं, एवढंच. गरम वस्तूभोवतीची हवा तापून वर चढते आणि वस्तूला किंचित उचलून धरते, त्यामुळे वजन खऱ्यापेक्षा कमी दिसतं. वस्तू निवत जाते तसा आकडा वर सरकतो. म्हणून आधी डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि मगच तोलायचं.

काल रात्री तू आईला म्हणालीस, "मला फिजिक्स कधी येतच नव्हतं, सगळ्यांना उगाच वाटत होतं." मला ते क्रुसिबल आठवलं.

परीक्षेबद्दलही मी तसंच, मोजमाप करणाऱ्या माणसासारखं बोलेन. मला दुसरं येत नाही. आमच्याकडे एका रीडिंगवर कुणी अहवाल देत नाही. किमान तीनदा मोजायचं, आणि आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहायची. पेपरालाही अनिश्चितता असते, फक्त ती गुणपत्रिकेवर छापत नाहीत. तोच अभ्यास घेऊन तू दुसऱ्या दिवशी तितकाच अवघड पण वेगळा पेपर दिला असतास तर गुण थोडे इकडेतिकडे झाले असते. सगळ्यांचेच झाले असते. जिथे अर्ज ढीगभर आणि जागा मूठभर, तिथे कटऑफची रेघ जवळपास सारख्याच मुलांच्या गर्दीतून जाते. चाळीस गुणांचा फरक परीक्षा नीट ओळखते. तीन गुणांचा फरक तिला ओळखता येत नाही, पण जागा संपल्या की कुठेतरी थांबावं लागतं, आणि समान गुण असतील तर कुणाला आधी घ्यायचं याचे नियम करावे लागतात. ते नियम असतात यातच काय ते आलं. मी त्या खुर्चीत असतो तर मलाही रेघ ओढावीच लागली असती. त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही.

पण म्हणजे सगळं नशिबावर ढकलून मोकळं व्हायचं, असंही मी म्हणणार नाही. तुझी कच्च्या कामाची वही टेबलावर उघडी होती, मी पाहिली. (विचारलं नाही, चुकलंच.) परीक्षेहून आल्यावर तू ते गणित आठवून पुन्हा मांडलं होतंस. एका टोकाला बिजागरी असलेली दांडी, आडवी धरून सोडलेली. पूर्ण मांडणी बरोबर, बल बरोबर, अंतर बरोबर, आणि जडत्व आघूर्ण, म्हणजे दांडी फिरायला किती विरोध करते तो आकडा, घेतलंस मध्यातून जाणाऱ्या अक्षाचं, एमएल वर्ग भागिले १२. दांडी टोकाभोवती फिरतेय, तिथे भागिले ३ हवं होतं. अक्ष सरकला की तो आकडा किती बदलतो हे सांगणारं समांतर अक्ष प्रमेय तुला झोपेतही येतं. तरी रोटेशनल मोशनचा धडा तू वर्षभर "नंतर करते" म्हणत ठेवलास, हेही खरं आहे, आणि ते तुलाच जास्त माहीत आहे. तीन गुणांतले काही तिथे गेले. ते आपलं. त्याला 'मला फिजिक्स येत नाही' म्हणत नाहीत, 'एका धड्याचा सराव कमी पडला' म्हणतात. दुसऱ्या वाक्यावर काहीतरी करता येतं.

आता येत्या आठवड्यात तुला आइन्स्टाइन ऐकायला मिळेल, तयार राहा. नापास झाला होता, गणितात ढ होता वगैरे. ढ अजिबात नव्हता. १८९५ मध्ये झुरिचच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा त्याने दिली ती नेहमीच्या वयाच्या दोन वर्षं आधी, सोळाव्या वर्षी. गणित आणि भौतिकशास्त्रात उत्तम केलं, बाकीच्या विषयांत अडला. एक वर्ष आराऊच्या शाळेत काढून पुढच्या वर्षी आत गेला. मुळात अशा गोष्टींचा तुला उपयोग नाही. नाकारल्या गेलेल्या ज्यांचं पुढे नाव झालं नाही, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. तुझा बापही त्यांतलाच एक.

मला जिची आठवण येते ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन. (आडनाव खरंच तसं आहे.) एवढ्यासाठी की ती काही काळ माझ्याच धंद्यात होती. आजोबा कर्करोगाने गेले तेव्हा तिने रसायनशास्त्राकडे वळायचं ठरवलं. १९३७ मध्ये पदवी घेतली, उत्तम गुणांनी. पुढच्या शिक्षणासाठी आर्थिक मदत मागणारे अर्ज केले, पंधरा ठिकाणांहून नकार आला. एका मुलाखतीत तर तिला सांगितलं, तुम्ही प्रयोगशाळेत असलात तर पुरुषांचं लक्ष विचलित होईल. मग तिने मिळेल ते काम धरलं. एक काम होतं एका किराणा कंपनीच्या तपासणी विभागात, लोणच्याची आम्लता मोजायची आणि मेयोनेजमध्ये जाणाऱ्या अंड्याच्या बलकाचा रंग बघायचा. तिथली उपकरणं शिकून झाली आणि नवं काही उरलं नाही, तेव्हा ती तिथून निघाली. १९४४ मध्ये औषधांच्या संशोधनात शिरली. रक्ताच्या कर्करोगावरचं सहा-मर्कॅप्टोप्युरिन तिच्या आणि तिच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलं, मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात लागणारं अझाथायोप्रिनसुद्धा. १९८८ चं नोबेल मिळालं. पीएचडी तिने कधी पूर्ण केली नाही.

तिला नाकारलं ते बाई म्हणून. तुझं तसं झालेलं नाही, तेव्हा तुम्हा दोघींची तुलना मी करत नाही, आणि तिला मिळालं म्हणून तुलाही मिळेल असंही सांगत नाही. मला तिचं ते लोणच्याचं टेबल सोडणं आवडतं. रागावून सोडलं नाही की कंटाळून सोडलं नाही. इथे शिकण्यासारखं काही उरलंय का, एवढं पाहिलं आणि नाही म्हटल्यावर उठली.

मी हे केलं नाही. तुझ्या वयाचा असताना मलाही नकार आला होता, हे तुला माहीत आहे, कारण मी ते फार वेळा सांगितलंय. 'तिथे मिळालं असतं तर' या शब्दांनी सुरू होणारी माझी वाक्यं तुझी आई मोजत असे. जिथे प्रवेश मिळाला तिथली पहिली दोन वर्षं मी रुसलेल्या पाहुण्यासारखी काढली. चांगले शिक्षक होते, त्यांना एक प्रश्न विचारला नाही. नकारापेक्षा त्या दोन वर्षांनी माझं जास्त नुकसान केलं. आणि तुझ्या अर्जावर तुझ्याइतकंच माझंही काहीतरी लागलेलं होतं, ते ओझं तू मागितलेलं नव्हतंस. निकालाआधीच मी ऑफिसात सांगून बसलो होतो. उद्या मीच सगळ्यांना सांगेन, तुला कुणाला तोंड द्यावं लागणार नाही.

आता कामाचं. दुसऱ्या विद्यापीठात भौतिकशास्त्राला तुझं नाव लागलंय, आणि एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचाही पर्याय आहे. थांबायचं असेल तर मी आडवा येणार नाही, पण मला एका कागदावर लिहून दे की या वर्षी केलं नाहीस असं काय करशील. 'जास्त अभ्यास' हे उत्तर चालणार नाही. आणि पुढच्या वर्षी रेघ आणखी वर गेलेली असू शकते, ते धरून चल.

तिथे जायचं असेल तर त्यांचं माहितीपत्रक मी वाचलं. इमारतीचे फोटोच फार आहेत. मला वाटतं त्याऐवजी हे शोधावं: आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, एका उपकरणावर किती जण, पदवीच्या मुलांना कुणा प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात काम करू देतात का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं. शेवटच्या वर्षातल्या एखाद्या मुलीला गाठून थेट विचार. ती खरं सांगेल. यातलं निम्मं जरी असलं तर तिथे तीन वर्षं शिकण्यासारखं भरपूर आहे, असं माझं मत. जागा निश्चित करायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपते. रविवारपर्यंत काही ठरवू नकोस, निदान मोठ्याने तरी नको.

तुझा,
बाबा

ता. क. – ते दांडीचं गणित मी भागिले ३ घेऊन सोडवलं. सोडल्या क्षणी मोकळ्या टोकाचं त्वरण येतं गुरुत्वत्वरणाच्या दीडपट. दोनदा तपासलं, तेच येतं. म्हणजे मोकळी सोडलेली वस्तू पडते त्याहून जोरात दांडीचं टोक खाली जातं? मला पटेना, म्हणून मीटरपट्टीचं एक टोक टेबलावर टेकवलं, पट्टी आडवी धरली, तिच्यावर ओळीने नाणी ठेवली आणि सोडली. टेबलाकडची नाणी पट्टीबरोबर गेली. टोकाकडची खरंच मागे राहिली, हवेत. गुरुत्वाकर्षण तर सगळ्यांना सारखंच आहे, मग टोकाला जास्तीचं कोण ओढतंय? नाणी अजून जमिनीवर पडली आहेत, उचललेली नाहीत.